वडिलांना लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, हे वयामुळेच का?

म्हापशाला राहणाऱ्या तुमच्या ६६ वर्षांच्या वडिलांना लघवी सुरू व्हायला बराच वेळ उभं राहावं लागतं, आणि सर्दी झाल्यापासून त्रास फार वाढलाय, असं तुम्ही लिहिलंय. घरचे म्हणतात, वय झालं. मी डॉक्टर नाही, फोंड्यात फार्मसी चालवतो. पण नुसतं वय म्हणून सोडून देऊ नका.

आधी सर्दीच्या गोळीची पट्टी उलटून वाचा. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन ही नावं बऱ्याचदा दिसतात. पहिल्यामुळे मूत्राशय नीट आवळत नाही, दुसऱ्यामुळे त्याचं तोंड घट्ट होतं. तरुणाला सहसा काही जाणवत नाही, पण पुरुषांतली प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असेल तर लघवी पार अडू शकते. पावसाळ्यात अशी गोळी मागणाऱ्या वयस्क गिऱ्हाइकांना मी विचारतोच, "लघवीला त्रास होतो का?" काहीजण आधी मागे कोण उभं आहे ते बघतात, मग हळूच मान हलवतात. ही लाजच घात करते. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी देतात ती अमिट्रिप्टिलिनही अशीच नडते. मात्र ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

या वयात मूळ कारण बहुतेकदा प्रोस्टेटच असतं. ही ग्रंथी मूत्रनळीभोवती असते, वाढली की नळी चेपते. बहुतेकांत ही वाढ कॅन्सरची नसते. जुना मधुमेह, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा पूर्वी घातलेल्या कॅथेटरमुळे (लघवी काढायच्या नळीमुळे) अरुंद झालेली मूत्रनळी, हीही कारणं असू शकतात.

लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करावी लागेल. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती उरते तेही मोजायला सांगा. टॅमसुलोसिन या प्रोस्टेटच्या गोळीने पुष्कळांना आराम पडतो, पण उठताना चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगावं लागतं. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आणू नका.

लघवी पूर्ण तुंबून ओटीपोट दुखायला लागलं तर सकाळ होऊ देऊ नका. १०८ ला फोन करा, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्या. थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्त दिसलं, किंवा पायांतली ताकद जाऊन बसायची जागा बधिर झाली, तरीही तसंच करा.