फिश टँकच्या संपचा फ्लो जुळवताना घाई नको

भावा, फिश टँकमधून खाली संपमध्ये (टँकखालची फिल्टरची टाकी) येणारं पाणी आणि पंप परत वर फेकतो ते पाणी तंतोतंत सारखं पंप बदलून कधीच होत नाही, ते ड्रेनच्या (पाणी खाली आणणाऱ्या पाईपच्या) व्हॉल्व्हवरच जुळवायचं. आणि तिथे गेट व्हॉल्व्हच (चाक फिरवून हळूहळू उघडणारा) लाव, बॉल व्हॉल्व्ह स्वस्त पडतो पण जरासा हलवला की एकदम फरक पडतो, मी त्यात अख्खा रविवार घालवलाय 😅

पंप फुल चालू कर, ओव्हरफ्लो बॉक्समधली (टँकचा तो कप्पा जिथून पाणी ड्रेनमध्ये जातं) पातळी बघ, चढत असेल तर व्हॉल्व्ह किंचित उघड, उतरून गुळगुळ आवाज यायला लागला म्हणजे ड्रेन हवा ओढतोय, किंचित बंद कर. पाव फेरा फिरव आणि 5-10 मिनिटं हात लावू नकोस, पाणी स्थिर व्हायला वेळ लागतोच. त्याच बॉक्समधला दुसरा, इमर्जन्सी ड्रेन पाईप कायम मोकळा, त्यावर व्हॉल्व्ह चुकूनही नको, पहिल्यात गोगलगाय अडकली तर तोच घर वाचवतो. पंप जोरात वाटला तर आउटलेटच्या बाजूने फ्लो कमी कर, इनलेटला कधीच नाही.

मग मेन स्विच बंद करून बघ. आपल्याकडे लाईट जातेच, तेव्हा वरचं पाणी रिटर्न पाईपमधून (पंपाचं पाणी वर नेणारा) उलटं संपमध्ये येतं, तेवढी जागा रिकामी पाहिजे.