पुस्तकात बादली आहे का?

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. सुट्टीत राणीच्या बागेतले पेंग्विन पाहून आला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. प्राणिसंग्रहालयं, मत्स्यालयं, पक्षी यांवरची अलीकडची चांगली पुस्तकं सांगाल का? माहितीची जाडजूड, गुळगुळीत कागदाची पुस्तकं घरात ढिगानं आहेत, पण तो ती उघडत नाही. मलाही वाचता येईल असं काही असलं तर बरं. — एक आई, ठाणे

उत्तर : तो उघडत नाही यात त्याची काही चूक नाही. मी तीस वर्षं वाचनालयाच्या टेबलामागे बसले. ड्युईच्या वर्गवारीत प्राणी ५९० ला आणि पक्षी ५९८ ला. त्या कप्प्यांतली गुळगुळीत पुस्तकं पालक घेऊन जायचे आणि आठवड्यानं जशीच्या तशी परत यायची. मधलं पान सुद्धा उलटलेलं नसायचं.

अशा पुस्तकांसाठी माझी एक परीक्षा आहे. आत कुठे बादली दिसते का, ते मी बघते. मी नऊ वर्षांची असताना मामानं तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं होतं. तिथले मासे म्हणाल तर एकही आठवत नाही. आठवतो तो बाजूच्या दारातून बाहेर आलेला माणूस. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पत्र्याची बादली आणि बादलीत चिरलेले मासे. माशांना मासेच खायला घालतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. चर्चगेटपर्यंत मी मामाचं डोकं खाल्लं : तो माणूस रोज येतो का, मासे त्याला ओळखतात का, रविवारी कोण येतं? ज्या पुस्तकात हा माणूस भेटतो ते पोरांच्या हातून सुटत नाही.

तर आधी तुमच्यासाठी. शेल्बी व्हॅन पेल्ट या अमेरिकन लेखिकेची 'रिमार्केबली ब्राइट क्रीचर्स' ही कादंबरी (२०२२). तोव्हा ही सत्तरीची विधवा रात्री एका छोट्या मत्स्यालयाची साफसफाई करते. म्हणजे बादली थेट नायिकेच्याच हातात! तिथे मार्सेलस नावाचा एक मोठा ऑक्टोपस आहे. तो रात्री टाकीतून निसटून शेजारच्या टाक्यांतलं खाऊन येतो आणि लोकांच्या हरवलेल्या वस्तू जमवून ठेवतो. काही छोटी प्रकरणं तोच सांगतो, कैदेतले दिवस मोजत. या जातीला आयुष्य असतं जेमतेम चार वर्षांचं, त्यामुळे ती मोजणी वाचताना घशात काहीतरी अडकतं. शेवट जरा जास्तच जुळवून आणलाय हे माझं मत, पण तोव्हा काच पुसते त्या पानांसाठी सगळं माफ. ऑक्टोपस असा पळतो होय, असं मुलानं विचारलंच तर त्याला इंकीची गोष्ट सांगा. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या मत्स्यालयातून हा ऑक्टोपस २०१६ साली रात्रीतून बाहेर पडला, जमिनीवरून सरपटत सांडपाण्याच्या नळापर्यंत गेला आणि नळातून थेट समुद्रात. ही मात्र खरी घडलेली गोष्ट.

मुलासाठी मी थोडी फसवाफसवी करणार आहे. तुम्ही 'अलीकडची' म्हणालात आणि मी जुनं पुस्तक देतेय : विलास मनोहरांचं 'नेगल'. हेमलकशाला आमट्यांनी सांभाळलेल्या प्राण्यांची ही गोष्ट आहे आणि ती सांगणाऱ्यानं त्या प्राण्यांचं सगळं स्वतःच्या हातांनी केलेलं आहे. आमच्या वाचनालयातल्या प्रतीची बांधणी मी तीनदा करून घेतली. त्याच्या जोडीला प्रकाश आमट्यांचं 'रानमित्र' घ्या, ते त्या मानानं नवं आहे. हे प्राणी हेमलकशाला आले कसे, तेही मुलाला सांगा. शिकार करून परतणाऱ्या माडिया आदिवासींकडे मेलेली माकडीण होती आणि तिच्या अंगाला पिल्लू चिकटलेलं होतं. डॉक्टरांनी ते मागून घेतलं. तीच बबली. सुरुवात तिच्यापासून झाली. रोज रात्री दहा पानं मोठ्यानं वाचा, एकट्याला वाचायला देऊ नका. तुमचंही वाचन होईल.

प्रश्न : प्राण्यांना पिंजऱ्यात ठेवणं हीच क्रूरता आहे. अशा जागांची भलामण करणारी पुस्तकं तुम्ही सुचवताच कशी? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रागावलात, चालेल. अर्धं म्हणणं मला मान्य आहे. एका गावातल्या बागेत मी अस्वल पाहिलं होतं, सिमेंटच्या चार भिंतींत एकाच जागी डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत उभं. पोरं त्याला शेंगदाणे मारत होती आणि रखवालदार बिडी ओढत होता. त्यानंतर दोन वर्षं मी कुठल्याच प्राणिसंग्रहालयात पाय ठेवला नाही.

उरलेल्या अर्ध्यासाठी जेरल्ड ड्यूरल हा ब्रिटिश निसर्गलेखक वाचा. हा माणूस जमशेदपूरला १९२५ साली जन्मला. त्याच्या शताब्दीच्या तोंडावर, २०२४ मध्ये, त्याच्या पत्नीनं, ली ड्यूरल यांनी, त्याचं जुनं-अप्रकाशित लेखन एकत्र करून 'मायसेल्फ अँड अदर अ‍ॅनिमल्स' हे पुस्तक काढलं. प्राणिसंग्रहालयांवर तुमच्याइतकाच तोही भडकलेला असायचा. फरक इतकाच, की त्यानं १९५९ साली जर्सी बेटावर स्वतःचं काढलं, आणि ते तमाशासाठी नाही, नाहीशा होत चाललेल्या जातींची पैदास करण्यासाठी. मॉरिशसचं गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरलं होतं. पिंजऱ्यात वाढवलेली पाखरं परत सोडत सोडत आज ते शेकड्यांनी आहे. आसामातल्या गवताळ भागातलं इवलंसं रानडुक्कर, पिग्मी हॉग, त्याच्यासाठीही ड्यूरलच्याच संस्थेचं काम नव्वदच्या दशकापासून चालू आहे. आता सांगा, ते कबूतर पिंजऱ्यात घालायला नको होतं का?

आणि एक आगाऊपणा करते. तुमच्या आळीत कुणाच्या गॅलरीत पोपट टांगलेला असेल, तर आधी तिकडे जा. आपला साधा हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हे निम्म्या घरांना ठाऊक नाही आणि उरलेल्यांना ठाऊक असून चालतं.

प्रश्न : वय ७१. गुडघ्यांमुळे फिरणं बंद, गॅलरीत बसून पक्षी बघतो. इंग्रजी वाचतो, पण सावकाश. काय वाचू? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, तुमच्यासाठी एमी टॅन ही अमेरिकन कादंबरीकार. चित्रकला शिकायला तिनं चौसष्टाव्या वर्षी सुरुवात केली. 'द बॅकयार्ड बर्ड क्रॉनिकल्स' (२०२४) ही तिच्या परसातल्या पक्ष्यांची रोजनिशी, चित्रंही तिचीच. नोंदी छोट्या आहेत, सावकाश वाचायला सोयीच्या. पाखरांसाठी ही बाई घरच्या फ्रिजमध्ये जिवंत अळ्या ठेवते! आमच्याकडे असं केलं तर मला घराबाहेर काढतील. पक्षी कॅलिफोर्नियाचे आहेत, आपल्याला नावं परकी वाटतात. पण बघण्याची रीत गॅलरीतलीच आहे.

मराठीत किरण पुरंदरे यांचं 'मुठेवरचा धोबी' आणि 'कापशीची डायरी' मिळवा. कापशी म्हणजे कबुतराएवढी, राखी-पांढरी, लाल डोळ्यांची शिकारी घार. सांगलीत आमच्या घरामागच्या तारेवर एक बसते. उंदीर दिसला की हवेत एका जागी थांबून पंख मारते आणि पाय असे खाली सोडते, जशी विमानाची चाकं उतरावीत. मी कपडे वाळत घालायचं विसरून बघत राहते, मग दुपारी घरात बोलणी बसतात.

मारुती चितमपल्लींचं तुम्ही वाचलेलं असणारच. नसेल तर 'पक्षी जाय दिगंतरा'पासून सुरू करा. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, ते सोलापुरात गेले तेव्हा मी 'पक्षीकोश' काढून बसले होते. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' म्हणणारा माणूस. शब्द माझ्या जिभेवर बसला नाही, पण कृष्णेकाठच्या बाभळीवर संध्याकाळी बगळे उतरतात तेव्हा दुसरा आठवतही नाही.

जेनिफर अकरमनचं घुबडांवरचं 'व्हॉट अ‍ॅन आउल नोज' (२०२३) थोडं अवघड जाईल, पण त्यातलं घुबडाच्या कानांबद्दलचं तेवढं वाचाच. काही जातींच्या घुबडांचा एक कान वर, एक खाली असतो. आवाज दोन कानांना किंचित वेगळा पोचतो आणि त्यावरून अंधारात उंदराची जागा कळते. तेवढं वाचून रात्री गॅलरीतला दिवा बंद करा आणि बसा. डासांची अगरबत्ती लावून.