रिकम्बंट शिकतोयस? मग हे आधी वाच

अरे, दोन चाकांची रिकम्बंट आहे ना, म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल, मग सुरुवातीला वसईचे मेन रोड विसर, रिकामं मैदान बघ, थोडा उतार असेल तर सोन्याहून पिवळं. पेडलवाला पुढचा दांडा आधी सेट कर, टाच पेडलवर ठेवली की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. गिअर हलका, पाठ सीटला टेकलेली, एक पाय पेडलवर, आणि जोर मारला की लगेच दुसरा उचल. सगळे नवखे इथेच हँडल आवळतात, मान उचलतात आणि मग गाडी सापासारखी वळवळते. खांदे सैल सोड, नजर लांब ठेव.

मी निघताना क्रूसाची खूण करतो, मग रोझरी मनातल्या मनात, माळ हातात नाही हां, त्या लयीत श्वास बसतो आणि हात आपोआप सैल होतात, निदान माझे तरी. सायकलवाल्यांची आश्रयदाती पण आहे, इटलीतली मादोना देल गिसाल्लो, पोप पायस बारावे यांनी १९४९ला जाहीर केलेली. हेल्मेट मात्र घालच, सगळं तिच्यावर ढकलू नकोस.

पाय घसरून रस्त्याला टेकला तर गाडी त्याच्यावरून पुढे जाते, घोटा मोडू शकतो, म्हणून तोल जमला की क्लिपचे, म्हणजे बूट अडकवून ठेवणारे पेडल लाव. चढावर पेडलवर उभं राहता येत नाही, हलक्या गिअरवर फिरवत राहायचं.

लोक हसले तर सांग, १९३३ला फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने असल्याच गाडीवर तासाला ४५.०५५ किमी काढले, आणि १९३४ला यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ती रेसमधूनच बाद केली!

आणि चर्चमध्ये मिस्साला नेशील तेव्हा मागे उंच झेंडा लाव, रिक्षावाल्यांना आपण दिसतच नाही.