चौदा महिने उभी असलेली हायब्रिड

जर्मनीत येण्याआधीच आपण एक गाडी हेरून ठेवली आहे आणि विक्रेत्याकडे चौदा महिने पडून राहिलेली, जेमतेम ३० किलोमीटर चाललेली ती हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, घ्यावी का, असे विचारले आहे. माझ्या मते घ्यावी. मात्र सवलतीचा आकडा पाहण्याआधी तारखा पाहाव्यात.

अशा गाड्या बहुधा 'टागेसत्सुलासुंग'च्या असतात, म्हणजे विक्रेत्याने एका दिवसापुरती स्वतःच्या नावावर नोंदवलेल्या. कंपनीची वॉरंटी सहसा त्याच दिवसापासून मोजली जाते, त्यामुळे गाडी नुसती उभी असली तरी वॉरंटी सरत असते. नोंदणीपत्राच्या पहिल्या भागात 'बी' या अक्षरापुढे पहिल्या नोंदणीची तारीख असते. तिच्यापासून तीन वर्षांनी होणारी पहिली सक्तीची तपासणीही आपल्याला तितकीच लवकर गाठेल. गाडी बनली केव्हा, हेही लेखी मागावे. बनल्यापासून बारा महिने उलटलेली गाडी सर्वसाधारणपणे 'कोरी नवी' ठरत नाही, असे तेथील संघीय न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले आहे आणि घासाघीस करताना हा मुद्दा चांगलाच उपयोगी पडतो.

हायब्रिडमध्ये सगळे मोठ्या बॅटरीची चौकशी करतात. मला दगा दिला तो १२ व्होल्टच्या लहान बॅटरीने. गाडी बंद असताना मोठ्या बॅटरीची जोडणी तुटलेली असते आणि ती पुन्हा जोडणाऱ्या रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचला, वीज ही लहान बॅटरीच पुरवते. ताबा घेतल्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात, जानेवारीच्या एका सकाळी, रिमोटला दारानेही दाद दिली नाही. रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून ते उघडावे लागले. मोठी बॅटरी निम्मी भरलेली होती, पण तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

टायरच्या कडेवर 'डीओटी' (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचावेत: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. ब्रेकच्या चकत्यांवरचा वरवरचा गंज चार-सहा वेळा ब्रेक दाबले की जातो. त्यानंतरही खरखर राहिली तर चकत्या बदलून मागाव्यात. हायब्रिडमध्ये वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते, त्यामुळे तो गंज आपोआप घासला जाण्याची वाट पाहू नये.

भारतीय परवाना तेथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहाच महिने चालतो आणि त्यानंतर तेथला परवाना हाती नसेल तर गाडी नुसती उभी राहील, म्हणून घाईने पैसे गुंतवू नयेत. आणि नवी लहान बॅटरी देण्याचे विक्रेत्याने कबूल केले, तर ते करारातच लिहून घ्यावे. मला ते तोंडी मिळाले होते. बॅटरी शेवटी मीच विकत घेतली.