जुनी अमेरिकन कार्टून्स: सुरुवात कुठून करायची?

आधी एक सांगतो, यादी करून फडशा पाडायला जाऊ नका. ही कार्टून्स थिएटरात मुख्य सिनेमाआधी दाखवली जायची, जेमतेम सहा-सात मिनिटांची. सलग दहा पाहिलीत तर सगळी सारखीच वाटतील. दिवसाला दोन पुरेत.

- एकच दिग्दर्शक धरा. माझं मत चक जोन्सला. १९५३चं 'डक अमक' लावा: चित्रकार डॅफी या बदकाची पार्श्वभूमी, आवाज, अख्खं अंग पुसतो, तरी डॅफी डॅफीच राहतो. (तो चित्रकार कोण, ते सांगणार नाही.)
- तेच पुन्हा, आवाज बंद करून पाहा.
- 'द डोव्हर बॉइज' (१९४२) एकेक फ्रेम थांबवत पाहा. एका पोझमधून दुसरीत जाताना माणसाचा नुसता लांबलचक फराटा होतो! वेगात तो दिसत नाही, फक्त झटका जाणवतो.

नवखे सगळं श्रेय दिग्दर्शकाला देतात. नामावली वाचा, मात्र वॉर्नर ब्रदर्स या (ही कार्टून्स बनवणाऱ्या) स्टुडिओच्या १९४०च्या दशकाच्या सुरुवातीच्या नामावलीत बहुधा एकाच अ‍ॅनिमेटरचं नाव असायचं, बाकीचे गायब. केन हॅरिस आणि रॉड स्क्रिबनर ही दोन नावं लक्षात ठेवा. स्क्रिबनरची पात्रं इतकी ताणतात-लोळतात की थोड्याच दिवसांत त्याचा हात ओळखू लागाल.

स्टुडिओंचा इतिहास वगैरे नंतर.