जेलवरचा एक पट्टा

अगं पोरी,

तुझ्या डीएनए चाचणीच्या जेलचा फोटो रात्री साडेअकराला पाहिला. परजीवीचा डीएनए असल्याची खूण असलेला पट्टा ठसठशीत आलाय, डीएनए न घातलेला निगेटिव्ह कंट्रोलही स्वच्छ आहे. खाडीतल्या 30 कालवांपैकी 11 मध्ये पर्किन्सस हा परजीवी. खाली लिहिलंयस, "कालवं का मरतात ते सापडलं!" त्या उद्गारचिन्हापायी हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो मॅडम, हो मॅडम" करून मोकळी झाली असतीस.

या परजीवीची जन्मकथा तुला कोणी सांगितली नसेल. 1940 च्या दशकात अमेरिकेत लुइझियानाच्या किनाऱ्यावर कालवं मरायला लागली. आसपास तेलविहिरी होत्या. कालवं वाढवणाऱ्यांनी तेलकंपन्यांवर दावे ठोकले. कंपन्यांनी टेक्सासच्या संशोधकांना पैसे दिले आणि कारण शोधायला सांगितलं. जॉन मॅकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मरणाऱ्या कालवांमध्ये एक सूक्ष्म परजीवी सापडला. 1950 साली त्यांनी त्याचं वर्णन छापलं, बुरशीचा भाऊबंद समजून डर्मोसिस्टिडियम असं नाव दिलं. तो बुरशी नव्हताच. 1978 मध्ये त्याचा पर्किन्सस झाला, पण तिकडचे लोक त्या रोगाला अजून 'डर्मो'च म्हणतात.

मॅकिन चुकले नव्हते, हे मुद्दाम सांगते. तो परजीवी खरोखरच मारतो, आणि पुढच्या कित्येक वर्षांच्या कामाने ते पक्कं झालं. पण तुझ्या खाडीच्या वरच्या अंगालाही कारखाने आहेत. तुझा पट्टा छापून आला की त्याची पहिली झेरॉक्स कोण काढेल, सांग बघू? तेव्हा 11 कालवांत परजीवीचा डीएनए मिळणं आणि खाडीतली मर त्याने होणं यांच्यातलं अंतर तूच आधी मोजलेलं बरं. दुसरा कोणी मोजेल तो त्याच्या सोयीने मोजेल.

कालव दिवसभर पाणी गाळत बसतं. पाण्यातून आलेला डीएनएही तुझ्या पट्ट्यात दिसू शकतो. म्हणून रे या संशोधकांची जुनी चाचणी कर. 1952 पासून चालत आलीय, खर्चही फार नाही. कल्ल्याचा नि गुदाशयाजवळचा तुकडा प्रतिजैविक घातलेल्या थायोग्लायकोलेट या पोषक द्रवात आठवडाभर अंधारात ठेवायचा, मग काचपट्टीवर चिरडून लुगॉलचं आयोडीन टाकायचं. परजीवी असेल तर निळेकाळे गोळे दिसतील, मोहरीचे दाणे सांडल्यासारखे. ते मोज. कुठे दोनचार सापडणं वेगळं आणि ऊती दिसू नये इतके असणं वेगळं. शिवाय प्रत्येक कालवाच्या ऊतीचा पातळ काप घेऊन स्लाइड कर. तिथे कल्ल्यांत निमॅटॉप्सिस या दुसऱ्या परजीवीचे बीजाणू दिसले तर घाबरू नकोस. त्याचं उरलेलं आयुष्य खेकड्याच्या आतड्यात जातं, म्हणजे खाडीत खेकडे नांदताहेत एवढंच ते सांगतात. परजीवी दिसला की आजार, हा हिशेब खाडीत चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या खाड्यांत केलेला एक अभ्यास 2008 साली 'नेचर'मध्ये आला होता. तिथल्या चपट्या परजीवी कृमींची पाण्यात सुटणारी पिल्लं वर्षभरात जेवढी निपजतात, त्यांचं वजन तिथल्या पक्ष्यांपेक्षा जास्त भरलं. त्या खाड्या आजारी नव्हत्या.

आता माझी फजिती ऐक. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी महिन्यामहिन्याला बाजारातून कालवं आणायचे. संसर्ग जवळपास नाहीच, असं मोठ्या आत्मविश्वासाने लिहूनही टाकलं. कालवं विकणाऱ्या काकूंना सांगितलं तर त्या कोयती थांबवून म्हणाल्या, "मेलेली तुला कोण विकेल गो बाय?" वर्ष फुकट गेलं. तेव्हापासून खडकावर बसून दोन्ही शिंपा जोडलेल्या पण आतून रिकाम्या कालवांची वेगळी नोंद ठेवते. तू ठेवली आहेस का? वहीचा फोटो पाठवलास त्यात तरी तो रकाना दिसला नाही.

दुसरं, तुझे सगळे नमुने मेमधले आहेत. तेव्हा पाणी तापलेलं आणि खारट असतं, पर्किन्ससला तेच मानवतं. ऑगस्टमध्ये नदीला पूर येऊन खाडीचं पाणी गोडं होतं. मर पावसात होत असेल तर गोड पाण्याचाही संशय घ्यावा लागेल. दर महिन्याला जा, थर्मामीटर आणि क्षारतामापक घेऊन. जुलैत कंटाळा येईल, चिखलात चप्पल राहील, तरी जा.

तुझे प्रायमर, म्हणजे चाचणीत परजीवीचा डीएनए हुडकणारे छोटे तुकडे, फक्त पर्किन्सस एवढंच सांगतात. कोणत्या जातीचा पर्किन्सस, ते सीक्वेन्स केल्यावर, म्हणजे डीएनएचा क्रम वाचल्यावर कळेल. ओल्सेनाय ही जात निघाली तर गोष्ट वेगळी. तो जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या, आढळल्यास कळवावं लागणाऱ्या रोगांच्या यादीत आहे, आणि आपल्या आग्नेय किनाऱ्यावरच्या मोत्याच्या शिंपल्यांत त्याची नोंद झालेली आहे. बेइहायेन्सिस ही दुसरी जात निघाली तर ती त्या यादीत नाही. तेव्हा आधी सीक्वेन्स, मग तुझे गाईड, मग सरकारी वाट. व्हॉट्सअॅप स्टेटस यात कुठेच बसत नाही. हा परजीवी माणसाला लागत नाही, पण "कालवांना रोग" एवढे दोन शब्द गावात फिरले की दुसऱ्या दिवशी काकूंच्या टोपलीकडे कोणी वळणार नाही.

रागावले नाहीये गं. पट्टा खरंच सुंदर आहे.

येत्या अमावास्येला पहाटेच्या ओहोटीला मी येते. आयोडीन माझ्याकडे आहे. थायोग्लायकोलेट ताजं कर, कपाटातली बाटली वापरू नकोस. आणि रिकाम्या शिंपांसाठी एक जादा पिशवी घे.

तुझी,
मॅडम