वडिलांची १९९६ ची बुलेट ३५० दोन वर्षं उभी होती. आता गरम झाली की बंद पडते, स्लोला टिकत नाही आणि रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके वाजतात. नवा कार्बोरेटर, ओपन फिल्टर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन एकदमच बसवून घेऊ का?

नवा कार्बोरेटर आत्ता घेऊ नका, आणि तिन्ही गोष्टी एकदम तर मुळीच बसवू नका. तीन नव्या वस्तू एकाच दिवशी लागल्या आणि गाडी तरीही बंद पडली, तर दोष कशात आहे हे कुठल्याच मिस्त्रीला सांगता येणार नाही. आधी ती कंपनीने दिली होती तशी नीट चालती करा. मग एकेक बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर चार-आठ दिवस चालवून बघा. माझ्याकडेही हेच कास्ट आयर्न इंजिन आहे आणि तिचं बहुतेक काम मी घरीच करतो.

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या पॉइंटवाल्या बुलेटचा (पॉइंट म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडायला लावणारा छोटा स्विच) दोष बऱ्याचदा कार्बोरेटरमध्ये नसतो, तो इग्निशनमध्ये असतो. पण त्याआधी एक फुकटची परीक्षा करून घ्या. गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा सुस्स आवाज आला आणि त्यानंतर ती दोन-तीन किकमध्ये लागली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही की काही किलोमीटरनंतर पेट्रोलची धार तुटते. दोन वर्षं उभ्या गाडीत गंज आणि धुळीने हे भोक बंद होणं अगदी नेहमीचं आहे. झाकण रॉकेलमध्ये भिजवा, बारीक तारेने भोक मोकळं करा.

झाकण ठीक असेल तर कार्बोरेटरला येणारी नळी काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी भरली आहे. बाटलीच्या तळाशी तपकिरी कण बसले तर टाकी आतून गंजली आहे. अशा वेळी टाकी साफ होईपर्यंत पुढचं काहीच करू नका, कारण कार्बोरेटर कितीही साफ केलात तरी आठवड्यात तो पुन्हा भरेल.

आता इग्निशन. जुन्या बुलेटला ॲमीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा, आहे आणि त्याच्यासारखं तपासणीचं साधन नव्या गाड्यांत मिळत नाही. लाइट बंद ठेवून चावी लावा, डिकॉम्प (कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर) दाबा आणि किक अगदी हळूहळू खाली न्या. पॉइंट मिटलेले असताना काटा मधल्या रेषेवरून डावीकडे झुकतो, ते उघडले की परत मधे येतो. काटा असा हलत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंत करंट पोचतोय. तो हलतच नसेल आणि मधेच असेल, तर फ्यूज, तुटलेली वायर किंवा काळे पडलेले पॉइंट शोधा. कायम डावीकडेच असेल तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा डबा) शॉर्ट झालाय. तपासणी झाली की चावी बंद करा. पॉइंट मिटलेल्या अवस्थेत चावी चालू राहिली तर कॉइल तापून जाते आणि बॅटरीही उतरते.

काटा हलतोय आणि तरी गाडी गरम झाल्यावरच मरते, तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्या. थंड असताना तो बरोबर काम करतो, तापला की दगा देतो, गार झाला की पुन्हा शहाणा होतो. संध्याकाळच्या अंधुक उजेडात डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून, इंजिन चालू असताना पॉइंटकडे बघा. सुईच्या टोकाएवढी निळसर ठिणगी ठीक आहे. पिवळी, जाड, तडतडणारी ठिणगी दिसली तर कंडेन्सर गेलाय, आणि पॉइंटही त्यामुळेच जळताहेत. कंडेन्सर स्वस्त असतो, पण बाजारात हलका मालही भरपूर आहे. चांगल्या दुकानातून दोन घ्या, एक टूलबॉक्समध्ये ठेवा. तो बदलूनही फरक पडला नाही तर इग्निशन कॉइल. कॉइलची खूण अशी: गाडी बंद पडल्या पडल्या प्लग काढून हेडला टेकवून किक मारली की ठिणगी बारीक आणि पिवळट दिसते, आणि अर्ध्या तासाने तीच निळी आणि कडक होते. ही परीक्षा करताना प्लगच्या भोकापासून हात आणि ठिणगी लांब ठेवा. जवळपास उघडं पेट्रोल तर अजिबात नको.

सी.बी. पॉइंटची फट पूर्ण उघडलेल्या अवस्थेत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. फिलर गेज आणा, अंदाजाने करू नका. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर पेट्रोलने पुसा आणि शेवटी कोऱ्या जाड कागदाचा तुकडा मधून ओढून काढा. तेलाचा एक पुसट डागसुद्धा स्टार्टिंग बिघडवतो. फट बदलली की टायमिंगही थोडं सरकतं, म्हणून आधी फट, मग टायमिंग. पिस्टन टॉपला पोचायच्या सुमारे ०.८ मिलिमीटर आधी, ॲडव्हान्सचे वेट (वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी वजनं) मिटलेले असताना, पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे. टायमिंग याच्या फार पुढे गेलं तर किक उलटी येते, आणि बुलेटची उलटी किक घोट्याला काय करते ते वडिलांना विचारा.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची मोकळीक, बघायला पाच मिनिटं लागतात. इंजिन पूर्ण गार हवं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला हवा. उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर उघडून दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरवून बघा. मोकळे फिरायला हवेत, पण वर-खाली खेळता कामा नयेत. आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट करून ठेवलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्या गरम झाल्या की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि स्लो तुटतो. तुमची तक्रारही तशीच आहे, म्हणून हे टाळू नका.

रेस सोडल्यावर फटाके वाजणं म्हणजे बहुतेक वेळा कुठूनतरी जादा हवा शिरतेय. दोन जागा बघा. एक, हेडमध्ये बसणारा सायलेन्सरचा पाइप सैल आहे का. दुसरी जागा महत्त्वाची: कार्बोरेटर हेडला जिथे दोन स्टडवर बसतो तो जोड. गाडी स्लोला ठेवून त्या जोडाभोवती साबणाचं पाणी थेंब थेंब सोडा. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला तर हवा तिथूनच शिरतेय. पिढ्यान् पिढ्या मिस्त्री लोकांनी हे दोन नट ताकद लावून आवळलेले असतात, आणि कार्बोरेटरची हेडला टेकणारी ॲल्युमिनियमची चकती दोन्ही कानांकडे (जिथे स्टड जातात) हेडच्या बाजूला वाकून मधे खोल होते. मग नवी गॅस्केट घातली तरी तिथून हवा येतच राहते. कार्बोरेटर काढा, जाड काचेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर ठेवा आणि चकती त्यावर हलक्या हाताने आठाच्या आकारात घासा. सुरुवातीला फक्त दोन्ही कान चकाकतील. जसजसं घासाल तसतसा चकाकणारा भाग मधल्या भोकापर्यंत पसरत जाईल. सगळीकडे सारखी चकाकी आली की थांबा. नवी ओ-रिंग घाला आणि नट दोन्हीकडून थोडे थोडे, सारखे आवळा.

आता कार्बोरेटर उघडा. तुमच्या ३५० ला मिककार्बचा व्हीएम २४ असणार. दोन वर्षं आत राहिलेलं पेट्रोल वाळून चिकट थर होतो आणि सगळ्यात आधी पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजतं. स्लोचं सगळं त्याच्यावर अवलंबून असतं. जेट काढून उजेडाकडे धरा, स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. लोखंडी तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं झालं तर जेट वाया गेलं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार, कार्ब क्लीनर आणि हवेचा मारा पुरतो. फ्लोटच्या सुईच्या टोकावर गोल चर पडला असेल तर ती बदला. चोकचा दांडाही बघा. त्याचं रबर झिजून तो खाली नीट बसत नसेल, तर इंजिन गरम झाल्यावर पेट्रोल जास्त होऊन गाडी बंद पडते आणि दोष भलत्याच्याच माथी मारला जातो.

जोडल्यावर एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरी बाहेर काढा. या कार्बोरेटरला हा स्क्रू हवेचा आहे, आत घेतला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. सेटिंग गाडी चांगली गरम असतानाच करा. स्लो थोडा वर ठेवा, इंजिन सगळ्यात मोकळं चालेल तिथे एअर स्क्रू थांबवा, मग स्लो खाली आणा.

यानंतरही गाडी गरम चालत असेल, पिकअपला अडखळत असेल, तर पेट्रोलचा विचार करावा लागेल. तुमची गाडी बनली तेव्हाचं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल एक नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच कारखान्यांच्या उसाचं इथेनॉल त्यात आहे, शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच. पण निव्वळ पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा पट. इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरचं भोक मात्र ठरलेलं असतं, म्हणून त्याच जेटवर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. हा फरक भरून काढायचा असेल तर आधी सुईची क्लिप एक खाच खाली लावा, म्हणजे सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. मग गरज वाटली तर मेन जेट एक नंबर मोठं. पूर्ण रेसवर थोडं अंतर चालवून, क्लच दाबून, लगेच इंजिन बंद करून प्लग बघा. बदामी रंग बरोबर. पांढरा असेल तर अजून पातळ आहे, काळी काजळी असेल तर जास्त झालं.

रबराचे भागही बदला. जुनी पेट्रोलची नळी, कॉकचं वॉशर, ओ-रिंग हे सगळं इथेनॉलने फुगतं किंवा तडकतं. इथेनॉल चालणारी नळी मागून घ्या. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरचा बाऊल कोरडा राहतो.

सेटिंग बरोबर आहे की नाही हे आकड्यात बघायचं असेल तर पीयूसी सेंटरला जा. लोक तिथे फक्त चिठ्ठीसाठी जातात, पण ते यंत्र तुमच्या स्लोच्या मिश्रणाचं मोजमापच देतं. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. आकडा त्याच्या आसपास असेल तर पेट्रोल जास्त आहे. मोनॉक्साइड अगदी कमी आणि हायड्रोकार्बन खूप, असं आलं तर मिश्रण पातळ होऊन इंजिन मिस मारतंय. सेंटरवाला तयार असेल तर नळी लावलेली असतानाच एअर स्क्रू पाव फेरी फिरवून बघा.

आता बदलांबद्दल. इलेक्ट्रॉनिक इग्निशन जरूर बसवा, पण गाडी पॉइंटवर नीट चालायला लागल्यावर. कंपनीनेही पुढे इलेक्ट्राला तेच दिलं. पॉइंटची प्लेट, कंडेन्सर आणि टोपी कागदात गुंडाळून जपून ठेवा. किटमधला बॉक्स गेला तर तो रस्त्यात दुरुस्त होत नाही, पॉइंट होतात. बॅटरी आणि चार्जिंग मात्र त्याआधी तपासा. इंजिन चालू असताना मीटरवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत.

ओपन फिल्टर नको. आपल्या रस्त्यांवरची धूळ तो नीट अडवत नाही, आणि इथेनॉलने पातळ झालेलं मिश्रण आणखी पातळ करतो. मूळ फिल्टर बॉक्स सांभाळा, एलिमेंट नवा घाला. ५०० चा २८ चा कार्बोरेटर ३५० ला बसवायचा सल्लाही कुणीतरी देईल. तोही घेऊ नका. भोक मोठं झालं की कमी रेसला हवेचा वेग पडतो, आणि बुलेटची खरी मजा कमी रेसलाच आहे.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो, कारण ही गोष्ट पुढे निघतेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. तुमच्या गाडीला पंधरा वर्षं उलटून गेली आहेत, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणासाठी ती आरटीओत न्यावी लागते. तिथे हा सायलेन्सर नक्की अडतो.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा, मग ॲमीटरचा काटा बघा. दोन्हीकडे काय दिसलं ते खाली लिहा, बंद पडल्यावर किती वेळाने ती पुन्हा लागते तेही लिहा. त्यावरून कंडेन्सर की कॉइल हे बरंच नेमकं सांगता येईल.